स्कोअर ७७४, तरी कार्डाला ४५ टक्के व्याज? असं कसं?

पत्र (जरा छोटं करून देतेय):

नमस्कार ताई, मी नाशिकला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे, वय ३४, हातात ४६ हजार येतात. मागच्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मेडिक्लेम पुरला नाही म्हणून वरचे पैसे माझ्या क्रेडिट कार्डावर भरले. कार्डाची लिमिट १ लाख ७५ हजार आहे आणि आज १ लाख ३८ हजार बाकी दिसतात. दर महिन्याला न चुकता ७ हजार भरते पण आकडा हलतच नाही. स्टेटमेंटवर व्याज महिन्याला ३.७५ टक्के लिहिलंय. माझे दीर न्यू जर्सीला असतात, ते परवा व्हिडिओ कॉलवर सहज बोलता बोलता म्हणाले की क्रेडिट स्कोअर चांगला असला की कार्डाचं व्याज कमी लागतं, त्यांचं आत्ताच कमी झालंय. माझा सिबिल ८०१ होता, आता ७७४ आहे, एकदाही लेट नाही. मी कस्टमर केअरला फोन केला तर ती मुलगी म्हणाली रेट कमी होत नाही मॅडम, हवं तर ईएमआय करून घ्या. मग एवढी हिस्ट्री चांगली ठेवून उपयोग काय झाला? आणि लेट नसताना स्कोअर उतरला कसा? पुढच्या वर्षी आम्हाला दोघांच्या नावावर होम लोन काढायचंय. मिस्टरांना ह्या बाकीबद्दल काही माहीत नाही, माहेरचा खर्च म्हणून बोलले नाही. कार्ड बंद करून टाकू का?

उत्तर:

अगं, तुझे भाऊजी पण खरं बोलतायत आणि ती कस्टमर केअरवाली मुलगी पण खरंच बोलतेय. फक्त दोघं दोन वेगळ्या देशांबद्दल बोलतायत.

अमेरिकेत कार्डाचं व्याज ठरतं ते असं की बँकांचा एक प्राइम रेट, म्हणजे पायाचा दर, असतो आणि त्याच्यावर बँक आपलं मार्जिन लावते, आणि हे मार्जिन किती लावायचं हे तू अर्ज करतेस तेव्हाचा तुझा स्कोअर बघून ठरतं. तिथे जास्त करून फायको स्कोअर चालतो, ३०० ते ८५० मधला. त्यामुळे एकच कार्ड, पण कुणाला १९ टक्क्यांनी पडतं आणि कुणाला २९ नी. आपली पोरं तिकडे नवीन जातात तेव्हा त्यांची पाटी कोरी असते, इकडचा सिबिल ८०० असला तरी तो सहसा विमानात बसून बरोबर जात नाही, मग सुरुवातीला डिपॉझिट ठेवून कार्ड घ्यावं लागतं नाहीतर महागातलं घ्यावं लागतं. पण एक सांगते, कार्ड हातात आल्यावर नुसता स्कोअर वाढला म्हणून जुन्या कार्डाचा रेट तिकडेही आपोआप खाली येत नाही. प्राइम रेट हलला की मात्र येतो, आणि फेडने, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेने, २०२४ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये एकूण १ टक्का रेट कमी केला होता, नंतरही केला. त्यामुळे भाऊजींच्या रेटमध्ये स्कोअरचा हात किती आणि फेडचा किती हे त्यांनाच जरा तपासायला सांग. तिकडे अजून एक बरं आहे, २००९ च्या कायद्यानंतर जुन्या बाकीवरचा रेट बँकेला मनाला येईल तसा वाढवता येत नाही, हप्ता ६० दिवस थकला वगैरे अशा ठरावीक कारणांनीच वाढवता येतो.

आता आपल्याकडचं बघ. आपल्याकडे बहुतेक बँका कार्डाच्या एका प्रकाराला एकच रेट ठेवतात, महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५. तो कार्डाबरोबर आलेल्या त्या बारीक अक्षरातल्या कागदावर छापलेला असतो आणि ६८० स्कोअरवाल्याला पण तोच आणि ८१० वाल्याला पण तोच. एखाददुसरी बँक ग्राहक बघून वेगवेगळा रेट लावते, आणि एफडी ठेवून मिळणाऱ्या कार्डाला काही ठिकाणी थोडा कमी असतो, पण हे अपवाद झाले. तुझी हिस्ट्री बँकेने बघितली ती कार्ड द्यायचं की नाही, कुठलं द्यायचं आणि लिमिट किती ठेवायची एवढ्यासाठी. तिथे तुला तिचा फायदा मिळालाय, व्याजात तो मिळत नाही.

असं का, तर बँकवाले कारणं देतील, आणि ती खोटी नाहीयेत. कार्डाच्या पैशाला तारण काही नसतं. आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या बाकीसाठी बँकांचं रिस्क वेट १२५ वरून १५० टक्के केलं, म्हणजे ह्या पैशामागे बँकेला स्वतःचं भांडवल जास्त बाजूला ठेवावं लागतं. बँकांच्या नव्या होम लोनचं फ्लोटिंग व्याज २०१९ च्या ऑक्टोबरपासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) बाहेरच्या रेटला बांधलेलं आहे म्हणून रेपो उतरला की ते उतरतं, कार्डाला असलं काही बंधन नाही. वर कुठली कमाल मर्यादा पण नाही. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं की ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, बँका सुप्रीम कोर्टात गेल्या, तिथे त्या आदेशाला स्टे मिळाला आणि शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने तो निकालच रद्द केला. व्याज ठरवणं हे बँकांचं आणि रिझर्व्ह बँकेचं काम आहे असं झालं.

पण मला विचारशील तर खरं कारण वेगळंच आहे. ज्यांचा स्कोअर चांगला असतो ते बहुतेक लोक बिल पूर्ण भरतात, त्यांना व्याज लागतच नाही, म्हणून कार्ड घेताना ते रेट विचारतच नाहीत. पॉइंट किती, लाउंज आहे का, पेट्रोलवर काय सूट, एवढंच विचारतात. मग बँका पॉइंटवर एकमेकींशी भांडतात, रेटवर कशाला भांडतील? आणि जो अडकतो तो त्या वेळी रेट विचारायच्या परिस्थितीत नसतो. तू पण कार्ड घेताना नव्हतंच विचारलं ना?

बरं, आता तुझा आकडा का हलत नाही ते. १ लाख ३८ हजारावर ३.७५ टक्के म्हणजे महिन्याचं व्याज ५,१७५. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, ते झाले ९३१. म्हणजे ६,१०६ रुपये नुसते व्याज आणि टॅक्समध्ये गेले. तू भरतेस ७ हजार, मुद्दलातून कमी झाले ८९४. ह्याच स्पीडने, कार्डावर एक रुपयाही नवीन खर्च न करता, हे फिटायला तुला अजून जवळजवळ ४ वर्षं लागतील आणि १ लाख ३८ हजारासाठी वर १ लाख ९४ हजाराच्या आसपास व्याज-टॅक्स जाईल. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर येऊ दे, मला तो आणायचाच होता.

आणि त्यात अजून एक मेख आहे. मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नवीन खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, स्वाइप केल्या दिवसापासून मीटर चालू. त्यामुळे किराणा, गॅस, मुलांच्या वह्या असलं काही ह्या कार्डावर घेत असशील तर आजपासून बंद. शॉपिंगच्या आणि जेवण मागवायच्या ॲपमध्ये कार्ड सेव्ह केलेलं असेल तेही काढून टाक.

स्कोअर का उतरला? लेट नसलीस तरी लिमिटपैकी किती वापरलंय हे पण बघितलं जातं. तुझे १ लाख ७५ पैकी १ लाख ३८ वापरलेले आहेत, म्हणजे ७९ टक्के. साधारण ३० टक्क्यांच्या आत असावं असं म्हणतात. तू ७ हजार वेळेवर भरतेस हे रेकॉर्डला येतंच, पण महिनोन्महिने कार्ड जवळपास फुल आहे हेही येतं आणि बँकेला त्यातून दिसतं की बाईचं महिन्याचं गणित कुठेतरी अडलंय. तसं ७७४ हा अजूनही चांगला स्कोअर आहे, सिबिल ३०० ते ९०० मध्ये असतो आणि साडेसातशेच्या वर असलं की बँका नीट बोलतात. पण हे असंच चालू ठेवलंस तर तो हळूहळू खाली येत राहणार, आणि मला जे सांगायचंय ते ह्याच्यासाठीच.

तुझ्या हिस्ट्रीचा उपयोग कार्डाचं व्याज कमी करायला होत नाही. उपयोग होतो तो कार्डाच्या बाहेर पडायला. ७७४ स्कोअर, ४६ हजार पगार, एकही लेट नाही, ह्याच्यावर तुला आज पर्सनल लोन मिळू शकतं, आणि तिथे मात्र स्कोअर बघूनच रेट ठरतो. समज १३ टक्क्यांनी २ वर्षांसाठी १ लाख ३८ हजार घेतलेस तर हप्ता साधारण ६,५६० येतो. म्हणजे तू आत्ता भरतेस त्याच्यापेक्षा कमीच! आणि २४ महिन्यांत विषय संपतो. एकूण व्याज साडेएकोणीस हजाराच्या आसपास, प्रोसेसिंग फी २ टक्के धरली तर जीएसटीसकट अजून सव्वातीन हजार. कुठे १ लाख ९४ हजार आणि कुठे २३ हजार. स्कोअर ७०० च्या खाली गेल्यावर हेच लोन मागायला गेलीस तर एकतर मिळणार नाही नाहीतर २०-२२ टक्के सांगतील, म्हणून पुढच्या महिन्यात बघू असं करू नको.

कुठून घ्यायचं? तुझ्या कंपनीत कर्मचाऱ्यांची पतसंस्था आहे का बघ आधी, अशा पगारदारांच्या सोसायट्या बऱ्याचदा बऱ्या रेटने देतात आणि हप्ता पगारातूनच कापून जातो. मात्र दोन जामीनदार लागतात आणि ते बहुधा कंपनीतलेच, म्हणजे कॅन्टीनमध्ये चर्चा व्हायची तयारी ठेव. नाहीतर जिथे पगार जमा होतो त्या बँकेत विचार, त्यांना तुझं खातं दिसत असतं. घरात एफडी असेल तर तिच्यावरचं लोन सगळ्यात स्वस्त, एफडीच्या व्याजापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त एवढंच. सोनं ठेवून पण स्वस्तात मिळतं, पण मिस्टरांना न सांगता पाटल्या बँकेत ठेवायचा विचार करत असशील तर नको, लग्नसराईत कुणीतरी विचारतंच.

कस्टमर केअरची मुलगी म्हणाली तो ईएमआय, म्हणजे कार्डाच्या बाकीचे ठरावीक हप्ते, वाईट नाहीये, समज १६ टक्क्यांनी मिळाला तर ४५ पेक्षा १६ केव्हाही चांगले. पण तो शेवटचा पर्याय ठेव. एक म्हणजे कार्डाच्या ईएमआयच्या व्याजावर पण १८ टक्के जीएसटी लागतो, पर्सनल लोनच्या व्याजावर लागत नाही, तिथे फक्त प्रोसेसिंग फीवर. त्यामुळे कार्डाचे १६ टक्के प्रत्यक्षात १९ च्या जवळ जातात. दुसरं म्हणजे लिमिट अडकलेलीच राहते. आणि फोनवर "फक्त ९ टक्के फ्लॅट" असं कुणी म्हणालं तर हुरळून जाऊ नको, फ्लॅटमध्ये शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर व्याज धरतात, त्यामुळे फ्लॅट ९ म्हणजे हप्ते फेडता फेडता जवळपास १७ पडतात. विचारायचं ते एवढंच, महिन्याचा हप्ता किती, किती महिने, फी किती, आणि सगळं मिळून मी किती भरणार. हा आकडा लिहून घे आणि मग दोन ठिकाणचे शेजारी शेजारी ठेव.

दोनच ठिकाणचे हं, दहा नाही. मोबाइलवर ज्या "२ मिनिटात लोन" वाल्या ॲप येतात तिथे सगळीकडे पॅन नंबर टाकत सुटलीस तर प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टला उमटते, आणि एका महिन्यात सात-आठ चौकश्या दिसल्या की बँकेला वाटतं ही घाईला आलीय. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही, ती भीती काढून टाक. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. अर्ज करायच्या आधी तो काढ आणि नीट वाच, बंद झालेलं जुनं लोन चालू दिसतंय का, भलत्याच कुणाचं खातं तुझ्या नावावर आहे का. चूक असेल तर तक्रार टाक, ३० दिवसांत सोडवली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते त्यांना.

आणि एक फोन तुला येणारच आहे, आज ना उद्या. "मॅडम बाकी ६० टक्क्यात सेटल करून देतो." तुला हे अजिबात करायचं नाहीये. सेटलमेंट करायला आधी हप्ते थकवावे लागतात आणि नंतर रिपोर्टवर सेटल्ड असा शिक्का बसतो, तो होम लोनवाल्याला सगळ्यात आधी दिसतो. ज्याची नोकरीच गेलीय, काहीच भरू शकत नाही, त्याच्यासाठी ठीक आहे ते. तुझा पगार चालू आहे.

आता होम लोनचं, कारण चांगल्या हिस्ट्रीचं बक्षीस आपल्याकडे खरं मिळतं ते इथे. बँक ऑफ महाराष्ट्र, बँक ऑफ बडोदा ह्यांच्यासारख्या बँकांचे होम लोनचे रेट सिबिलच्या टप्प्यांप्रमाणे असतात, वरच्या टप्प्याला कमी आणि खाली जाऊ तसा जास्त. समज ३५ लाख, २० वर्षं. ८ टक्क्यांनी हप्ता २९,२७५ च्या आसपास, साडेआठने ३०,३७४. अर्ध्या टक्क्याने महिन्याला अकराशे रुपये, आणि २० वर्षांत २ लाख ६० हजाराच्या वर. तुमचं लोन दोघांच्या नावावर आहे म्हणजे स्कोअर दोघांचे बघणार, मिस्टरांचा ८२० असला तरी तुझा बघणारच.

आणि इथेच तुझा तो न सांगितलेला विषय येतो. अगं, होम लोनच्या अर्जाला बँक तुझा रिपोर्ट काढणार आणि त्यात कार्डाची बाकी रकमेसकट छापलेली असणार, मागच्या महिन्यांची हिस्ट्री पण. लोन ऑफिसर मिस्टरांसमोरच विचारणार, मॅडम ह्या कार्डाचं काय? त्यापेक्षा आधी घरात तूच सांगितलेलं बरं नाही का? मी काही तुमच्या घरातलं जाणत नाही, माहेरचा खर्च म्हटल्यावर काय बोलणी होतात ते तुलाच माहीत. पण आईचं ऑपरेशन होतं, दागिने नव्हते घेतलेस. सांगताना नुसती बाकी सांगू नको, बरोबर तो ६,५६० चा हप्ता आणि २४ महिने हे पण कागदावर लिहून ने. प्रॉब्लेम आणि उपाय एकदम समोर आला की माणूस कमी चिडतो असा माझा तरी अनुभव आहे, आणि भाऊजींच्या आधी मिस्टरांना कळलेलं बरं.

होम लोनच्या वेळी हा ६,५६० चा हप्ता तुमच्या चालू हप्त्यांमध्ये धरतील, त्यामुळे लोनची रक्कम थोडी कमी मंजूर होऊ शकते, ते आधीच हिशोबात धरा. बोनस आला की पर्सनल लोनमध्ये टाक, घेतानाच विचारून ठेव की मधे भरलं तर चार्ज किती.

कार्ड बंद करू का म्हणतेस, तर आत्ता नको. जुनं कार्ड असेल तर तेवढी जुनी हिस्ट्री आहे ती, आणि बाकी शून्य झाली की तेच कार्ड तुझ्या स्कोअरच्या कामाला येतं, लिमिट मोठी आणि वापर शून्य. आता बँकांना ह्या रिपोर्टवाल्या कंपन्यांना थोड्या थोड्या दिवसांनी माहिती पाठवावी लागते म्हणून महिना-दीड महिन्यात फरक दिसायला लागेल. होम लोन मंजूर झालं आणि तेव्हाही कार्ड बघून हात शिवशिवतोय असं वाटलं तर खुशाल बंद कर, तू अर्ज दिल्यावर बाकी नसेल तर ७ कामाच्या दिवसांत त्यांनी बंद करायचं असतं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये तुला द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

लोनचे पैसे खात्यात आले की ते खात्यात झोपू देऊ नको, त्याच दिवशी कार्डाला भर. आणि स्टेटमेंटवरचा आकडा भरू नको, कस्टमर केअरला फोन करून आजच्या तारखेला पूर्ण फेडायला किती लागतील ते विचार, कारण स्टेटमेंट निघाल्यापासून त्या दिवसापर्यंतचं व्याज त्यात नसतं. तरीसुद्धा पुढच्या महिन्यात दोन-तीन हजाराचं बिल आलं तर घाबरू नको, ते मधल्या दिवसांचं राहिलेलं व्याज असतं. ड्यू डेटच्या आत पूर्ण भरून टाक, मिनिमम नाही, आणि त्याच्या पुढचं स्टेटमेंट शून्याचं आलंय ना ते उघडून बघ.